एक जूनची मुलं

१० फेब्रुवारी २००१

आज सकाळी बंडूजींच्या घरी शिरगणतीचा कागद भरताना आचलच्या नावापुढे मी 'सात' लिहिलं. पंचफुलाबाईंनी जे सांगितलं ते लिहिलं. त्या पालकाच्या जुड्या बांधत ओसरीत बसल्या होत्या. म्हणाल्या, "गणपती बुडवले अन् दुसऱ्या दिवशी झाली. रात्रभर पोटात दुखत होतं. पहाटे लोकं म्हणत, जमीन हालली. मंग सकाळी हे झाली."

भूकंपाचं साल कोण विसरतं? त्र्याण्णवचा सप्टेंबर. म्हणजे सात वर्षं पूर्ण. मी लिहून टाकलं आणि मग हात थांबला. आचल माझ्या चौथीच्या वर्गात आहे आणि माझ्या रजिस्टरवर तिला नऊ वर्षं पूर्ण झाली आहेत.

तिच्या मोठ्या बहिणीचं, सपनाचं वय विचारलं तेव्हा पंचफुलाबाई बोलण्याआधी बंडूजीच बोलले. "सतरा लिवा गुरुजी. दाखला हाये न घरात, तुमच्याच हातचा." पंचफुलाबाई पाणी आणायला आत गेल्या. मी सतरा लिहिलं. बंडूजींचा अंगठा घेतला आणि पुढच्या घरी गेलो. उन्हं चढायच्या आत बारा घरं झाली.

११ फेब्रुवारी

शाळा उघडून आधी दाखल-खारीज रजिस्टर काढलं. आचल बंडूजी, जन्म १ जून १९९१. अक्षर माझंच, वळणदार.

आठवलं सगळं. सत्त्याण्णवच्या जूनमध्ये पट कमी भरत होता. दुसरा शिक्षक गेला असता आणि चौथीचा वर्ग बंद झाला असता. चौथी बंद म्हणजे गावातल्या मुलींना केळझरपर्यंत पाच किलोमीटर चालत जायचं. पोरींना कोण पाठवतो? म्हणून शाळेच्या अंगणात येऊन खेळणारी चार लहान पोरं मी पहिलीत भरली. वय बसलं पाहिजे म्हणून सगळ्यांना १ जून दिली. आमच्या भागात शाळेत जन्मलेल्या माणसांचा वाढदिवस १ जूनच असतो. माझाही तोच आहे. आई म्हणायची, मी पौषातल्या थंडीत झालो.

तेव्हा हे पुण्याचं काम वाटलं होतं. देवापुढे सांगितलंही होतं.

आता एप्रिलअखेर आचलला शाळा सोडल्याचा दाखला द्यायचा आहे. मूल पटावर असेपर्यंत तारीख दुरुस्त होऊ शकते. दाखला पुढच्या शाळेत गेला की ती तारीख जन्मभराची. उद्या ती कागदावर अठराची होईल तेव्हा खरी पंधराची असेल.

दुरुस्ती करायची तर चूक कोणी केली ते लिहावं लागेल. माझी नोकरी आठ वर्षं राहिली आहे.

१९ फेब्रुवारी

शिष्यवृत्तीची सराव परीक्षा घेतली. नीरजने चुकीच्या उत्तरपत्रिकेवर गोल रंगवले, त्याच्या शेजारणीच्या. दोघंही रडले. आचलला सगळ्यात जास्त गुण. ती बाकावर गुडघे टेकून लिहिते, नाहीतर हात पोचत नाही. हे मी चार वर्षं पाहतो आहे आणि मला त्यात काही दिसलं नाही.

सुट्टीत सपना आली. टोपलीत वांगी होती, वर्ध्याच्या बाजारातून उरलेली. दाराबाहेरूनच म्हणाली, "गुरुजी, दाखला हरवला तं दुसरा भेटते का?"

म्हटलं, "भेटतो. पण हरवला कसा? असा कागद सांभाळून ठेवायचा असतो."

"दुसऱ्यावर तारीख तेच राह्यते का?"

"तीच राहते. रजिस्टर पाहूनच लिहितो न बाई. वडिलांचा अर्ज आण."

तिने टोपली डोक्यावर घेतली. "बाबाले नका सांगजा गुरुजी," एवढंच म्हणून गेली. वडील रागावतील म्हणून घाबरली असणार. माझ्याच हाताखाली शिकलेली मुलगी, पण कागदाची किंमत नाही. थोडं जास्तच बोललो तिला.

५ मार्च

निरोप समारंभाची तयारी सुरू केली. तिसरीची मुलं चौथीला निरोप देणार. योगेंद्र, माझा नवा सहकारी शिक्षणसेवक, उत्साही आहे. त्याने टेपरेकॉर्डर आणायचं कबूल केलं आहे. मुली पताका कापतात, मुलं डिंक खातात.

माझं लक्ष लागत नाही. हजेरी घेताना आचलचं नाव गाळून पुढे जातो आणि मग परत येतो. योगेंद्रला विचारावंसं वाटलं, पण त्याची जागा याच पटावर उभी आहे. चार नावांचा प्रश्न निघाला तर पहिल्यांदा तोच जाईल. त्याची बायको पहिलटकरीण आहे.

रोज पूजेला बसतो. गणपतीला म्हणतो, तू सांग. तो काय सांगणार? रजिस्टर त्याने भरलेलं नाही.

१७ मार्च

चौथीची सहल केळझरला नेली. बैलगाड्यांतून. दरवर्षीचा नेम आहे, शेवटच्या वर्षाची मुलं टेकडीवरच्या गणपतीला जाऊन येतात. पायऱ्या चढताना आचल माझं बोट धरून होती. म्हणाली, "गुरुजी, ताईचं लगन याच गावात हाये. पाहुणा वर्ध्याले शिपाई हाये, सरकारी. त्याच्या बाबानं दाखला मांगला. म्हणे पोट्टी अठराची नसन तं नोकरीवर येते."

म्हटलं, "बरोबर आहे त्यांचं. कायद्याने चालणारी माणसं दिसतात."

"ताईनं दाखला लपवला होता पिठाच्या डब्यात. बाबाले भेटला. मारलं तिले."

देवळात मी बराच वेळ डोळे मिटून बसलो. आचलचं काय करू, हे विचारत होतो. मुलं बाहेर चिंचा पाडत होती आणि पुजारी ओरडत होता.

२ एप्रिल

आज काय झालं ते नीट लिहून ठेवतो.

गणितात वर्षं, महिने, दिवसांची वजाबाकी. दरवर्षी मी शेवटचा धडा म्हणून 'आपापलं वय काढा' हे देतो. रजिस्टरमधून तारखा सांगितल्या. एकोणीस मुलांपैकी चौदा जणांची तारीख १ जून. पाटीवर वजाबाक्या झाल्या आणि जो तो ओरडू लागला, "नऊ वर्ष, दहा महिने, एक दिवस!" नीरज उभा राहून म्हणाला, "गुरुजी, आमी सगळे जुळे हाव का?" वर्ग हसून लोटपोट. बाजूच्या वर्गातून योगेंद्र डोकावला. मीही हसलो.

आचल हसली नाही. तिने पाटी आणून दाखवली. तिच्या पाटीवर वेगळंच उत्तर होतं. सात वर्षं, सहा महिने, तीन दिवस.

"तू तारीख चुकीची घेतलीस."

"नाई गुरुजी. मायले इचारलं मी. गणपती बुडवले अन् दुसऱ्या दिवशी. कालनिर्णयात पाह्यली, बाबानं जुने ठेवलेत खिळ्याले."

खाली अजून एक हिशेब होता. मी विचारलं, हा कोणाचा?

"ताईचा. मी झाली तवा ताईले आठवं सरत आलतं. माय म्हणते तिनंच मले पह्यल्यांदा घेतलं, आठ वर्षाची पोट्टी. मंग सात अन् आठ पंधरा." तिने माझ्याकडे पाहिलं. "मंग जूनमंदी ताईले अठरा कसे होते गुरुजी?"

मी म्हणालो, "पाटी पूस."

तिने कोपराने पुसली.

शाळा सुटल्यावर जुनं रजिस्टर काढलं, एकोणनव्वदचं. सपना बंडूजी. १ जून १९८३. माझंच अक्षर. मी पूर्ण विसरून गेलो होतो. तेव्हा शाळेत मी एकटाच होतो आणि दुसरा शिक्षक मागण्यासाठी पट दाखवायचा होता. दोन महिने मी लहान बहिणीसाठी देवाला विचारतो आहे, आणि शिरगणतीच्या कागदावर माझ्याच हाताने एकीला सात आणि दुसरीला सतरा लिहिलं. गणित शिकवतो मी.

३ एप्रिल

शाळेत गेलो. काही शिकवलं नाही. मुलांना चित्र काढायला सांगितलं.

९ एप्रिल

ग्रामपंचायतीत जन्माच्या नोंदींचं पुस्तक पाहिलं. आचल, ३० सप्टेंबर १९९३. सपनाच्या वेळी नाव ठेवलेलं नव्हतं, नुसतं 'मुलगी' लिहिलं आहे, बापाचं नाव बंडूजी, ११ ऑक्टोबर १९८५. ग्रामसेवकाकडून दोन्ही उतारे घेतले. तो म्हणाला, "दोन दोन कायले गुरुजी?" मी सांगितलं, शाळेला लागतात. खोटं नव्हतं.

तिथूनच केंद्रप्रमुख नानाजींकडे गेलो. ते आमच्या दहा शाळांवरचे साहेब, पण माझ्याच वयाचे आणि मनाचे मोकळे. सगळं सांगितलं. त्यांनी पान लावता लावता ऐकलं.

"गुरुजी, अर्धा जिल्हा एक जूनले जलमला. मी बी. तुमी एकटेच धुवून निघता काय?"

"पण साहेब, त्या मुलीचं लग्न..."

"लहानीचं करून टाका. ते पटावर हाये, तुमचा अधिकार हाये. 'लेखनदोष' म्हणून लिवा, मी सही मारतो, वर कोणी इचारत नाई. मोठीच्या फंद्यात पडू नका. ते चौथी करून कवाचीच गेली, तिचं नाव पटावर नाई. लगन जमलेलं घर हाये. पत्रिका छापून राह्यले ते."

"ती पंधराची आहे."

"अन् तुमी पन्नासचे. निलंबन झालं तं या वयात कुठं जाता?" मग थोडं हळू म्हणाले, "जे जमते ते करा न बापा. एक तं वाचली."

घरी येईपर्यंत मला हे पटलं होतं. मन हलकं झालं होतं हे कबूल करतो.

१२ एप्रिल

बंडूजींच्या वाडीत गेलो. ते वांग्याला पाणी फिरवत होते. आधी आचलच्या दुरुस्तीसाठी अर्जावर अंगठा पाहिजे म्हटलं. त्यांनी लगेच हात पुसला. "लहानीचं करा बाप्पा. शिकन ते. माहीत हाये मले."

मग मी म्हणालो, "बंडूजी, सपनाची तारीखपण तशीच आहे. तीपण मीच लिहिली होती."

ते फावडं टेकून उभे राहिले. "माहीत हाये."

"मग?"

"मंग काय? तवा तुमी म्हटलं, बंडूजी, पोरीले दोन वर्ष वाढवून देतो, शाळा टिकली पाह्यजे. मी नाई म्हटलं का? गुरुजी म्हणते तं बरोबरच असन. आता तेच तारीख माह्या कामी पडली तं तुमाले दोष दिसून राह्यला? देताना तुमी देव, घेताना बी तुमीच?"

मी अर्ज खिशात घातला. तेच पुढे म्हणाले,

"पाहुणा शिपाई हाये, पर्मनंट. माझ्या पोरीले चिखलात उभं राहा लागणार नाई, बाजारात पालक घेऊन बसा लागणार नाई. दाखला पाहून त्यानं हो म्हटलं. दाखला पडला का तो बी पडला." आवाज खाली आला. "मी हात जोडतो गुरुजी. लहानीचं घ्या, मोठीले सोडा."

त्यांनी खरोखर हात जोडले. चिखलाचे हात. मी म्हणालो, बरं.

२१ एप्रिल

निरोप समारंभ पार पडला. पटांगणात मांडव, तिसरीच्या मुलांनी चिवडा वाटला. आचलचं भाषण. तिला खुर्चीवर उभं करावं लागलं, टेबलामागे दिसेना. पाठ केलेलं सगळं बोलली आणि शेवटी म्हणाली, "गुरुजींनी आमाले पाटी पुसाले बी शिकवलं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घातली.

योगेंद्रने संगीत खुर्ची ठेवली होती. टेप लागला. एक मुलगी कमी पडली म्हणून पोरींनी सपनाला ओढलं. ती आचलच्या वेण्या घालायला आली होती आणि आयांमध्ये बसली होती. आधी नको म्हणाली, मग पदर खोचून आली. दोन फेऱ्यांनंतर ती कोणाला ऐकेना. नीरजला ढकलून खुर्ची पटकावली, मोठ्याने हसली, पुन्हा धावली. शेवटी ती आणि दुसरीतली एक मुलगी राहिल्या. गाणं थांबलं आणि सपना खुर्चीवर बसली.

मांडवाच्या कडेने बंडूजी म्हणाले, "सपने, ऊठ. लगन जमलं तुयं, समजत नाई का?"

ती उठली. पदर डोक्यावर घेतला आणि जाऊन आयांमध्ये बसली. योगेंद्रने बक्षिसाची कंपासपेटी तिला द्यायची की दुसरीतल्या मुलीला, म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीतल्या मुलीला द्यायला सांगितलं. का सांगितलं कोण जाणे.

३० एप्रिल

दिवसभर दाखले लिहिले. अठरा झाले. आचलचा ठेवला. तिचा दुरुस्तीचा अर्जही लिहिला, नानाजींनी सांगितलं तसा. 'लेखनदोषामुळे'. हा शब्द तीनदा खोडला आणि तीनदा परत लिहिला.

देवकाबाई तांदूळ निवडत होती. माझ्या घरची ही, तीस वर्षांची सोबत, पण शाळेतलं मी तिच्याशी बोलत नाही. आज बोललो. नोकरीचं सांगितलं, निलंबनाचं सांगितलं. मला वाटलं ती घाबरेल.

ती म्हणाली, "माह्या लग्नात मी पाटावर झोपलीतो. मामानं उचलून उभी केली हाराच्या वक्ती."

"हे तू कधी सांगितलं नाहीस."

"तुमी कधी इचारलं?" आणि खडे बाहेर टाकायला उठून गेली. आमच्या लग्नाचा इथे काय संबंध होता ते मला समजलं नाही.

१ मे

झेंडावंदन, निकाल. सगळे पास. आचल पहिली. बंडूजींनी सगळ्या वर्गाला साखर वाटली. मग पत्रिका दिली, हळद लावलेली. ४ जून. माझ्या नावाच्या वर 'पूज्य गुरुजी' लिहून घेतलं होतं कोणाकडून तरी.

"मंगलाष्टकं तुमालेच म्हणा लागन," ते म्हणाले. "तुमचा गळा चांगला हाये. अन् पोरगी तुमचीच हाये."

मी म्हणालो, पाहू.

पंचफुलाबाई मागे उभ्या होत्या. त्या पुढे आल्या आणि बंडूजी दुसऱ्याशी बोलायला वळल्यावर म्हणाल्या, "गुरुजी, तुमी एकदा म्हटलं का पंधरा तं पंधराच असते. माझ्या म्हणण्याले कोणी नाई मानत. मी तं माय हाव फकस्त."

आणि साखरेची पिशवी उचलून निघून गेल्या.

संध्याकाळी देवापुढे दिवा लावला आणि पहिल्यांदाच काही विचारलं नाही. विचारायला काही राहिलंच नव्हतं. लेखनदोषाचा अर्ज फाडला.

२ मे

पहाटे उठून नवा अर्ज लिहिला. लेखनदोष हा शब्द नाही. 'सन १९८९ व सन १९९७ मध्ये पट वाढवण्यासाठी मी स्वतः जाणूनबुजून खोट्या जन्मतारखा लिहिल्या.' खाली आधी सपनाचं नाव, मग आचलचं, मग त्या वर्षीच्या बाकीच्या तीन मुलांची. दोन उतारे जोडले. सपनाच्या पुढे लिहिलं की तिचं वय आज पंधरा वर्षं सहा महिने आहे, ४ जूनला तिचा विवाह ठरला आहे, आणि ज्या दाखल्यावर तो ठरला त्याचं मूळ माझी खोटी नोंद आहे. तीन प्रती केल्या. देवकाबाईने डबा भरून दिला. दारापर्यंत आली, तशी ती येत नसते.

योगेंद्रला बसस्टॉपवर गाठून सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "सर, माझं काय होईल?" मी म्हणालो, माहीत नाही. खरंच माहीत नाही. तेवढ्यात बस आली.

सेलूला पंचायत समितीत आवक-जावकच्या टेबलावर कागद ठेवला. लिपिकाने वाचला, परत पहिल्यापासून वाचला. "गुरुजी, लहानीपुरता द्या न. मोठीचा इथं काही संबंध येत नाई. हा घ्या कोरा कागद, इथंच बसून लिवा. मी थांबतो."

त्याने पंखा माझ्याकडे वळवला. कोरा कागद समोर होता. मी तो परत त्याच्याकडे सरकवला.

"शिक्का मारा."

त्याने मारला. क्रमांक टाकला. दुसरी प्रत नवऱ्या मुलाच्या वडिलांना रजिस्टर पोस्टाने टाकली. पावती या वहीत ठेवली आहे.

तिसरी प्रत घेऊन बंडूजींच्या घरी गेलो. दुपारचं ऊन होतं. चौघंही ओसरीत होते, भेंडी निवडत. मी कागद बंडूजींच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा-सुलटा पाहिला, शिक्क्यावर बोट फिरवलं. "काय हाये गुरुजी?"

आचल म्हणाली, "मी वाचतो बाबा."

"नको," मी म्हणालो. कागद परत घेतला. चपला काढून खाली बसलो आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचून दाखवला. 'मी स्वतः जाणूनबुजून' हे दोनदा वाचलं. सपनाच्या नावापाशी तिने हातातली भेंडी खाली ठेवली. वय वाचलं, तारीख वाचली, शेवटी माझी सही होती तीही वाचली.